राजवाडे आणि बीडची पोथी

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 साली कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातले वाचन आणि व्यायाम यांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे, त्यामुळे पदवी मिळायला वेळ लागला. ती 1891 च्या सुमारास मिळाली. व्यायामाने कमावलेले शरीर पुढे पायपिटीच्या कामी आले.

1895 मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ मासिक काढले. ते फार काळ चालले नाही. मग वाईत जुन्या कागदांचा साठा हाती लागला आणि 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांची पत्रे त्यात आहेत. पुढे असे बावीस खंड झाले. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. गावोगावचे वाडे, मठ, देवळे पालथी घालायची, स्वयंपाक स्वतःच्या हाताने करायचा, दप्तरे मिळतील तिथे मुक्काम ठोकायचा, हाच त्यांचा संसार. दप्तराचा मालक बहुधा संशयी असे; त्यात राजवाड्यांचा स्वभाव तापट. तरीही कागद मिळत गेले, हे नवलच.

बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तिथल्या पाटांगण या देवस्थानाकडून त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. संत एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ही पोथी त्याआधीच्या, मुकुंदराजांच्या परंपरेतली आहे, असे राजवाड्यांचे म्हणणे होते. ज्यांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते, तेच हे ‘विवेकसिंधु’कार. 1909 मध्ये राजवाड्यांनी ती छापली आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. या प्रतीत ओव्या प्रचलित 9033 हून कमी आहेत आणि शब्दांची रूपे जुन्या वळणाची आहेत. मराठीच्या वाढीचा माग काढणाऱ्याला हे मोठे घबाडच होते. पोथीच्या वयाबद्दलचा त्यांचा दावा मात्र सर्वांना पटला नाही. मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही, त्यामुळे तो वाद कायमचा अर्धवट राहिला. छापील पाठ तेवढा उरला आणि त्याचे पुनर्मुद्रण झाले. संशोधकाने साधन मिळवायचे आणि त्याच्या जपणुकीची सोयही करायची, ही शिस्त त्या पिढीत पुरती रुजलेली नव्हती. राजवाड्यांच्या बाबतीत ती उणीव अधिकच बोचते.

ती सोय संस्थेने करायची होती. 1910 मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. बीड जिल्ह्याला या मंडळाचा पुढेही उपयोग झाला. मंडळाचे गणेश हरी खरे यांनी अंबाजोगाईचे यादवकालीन शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, गुजरातच्या स्वारीत पडलेला त्याचा मुलगा राम आणि भावासाठी देऊळ बांधणारी लक्ष्मी ही माणसे त्यामुळे इतिहासात आली.

राजवाडे स्वतः मात्र मंडळात रमले नाहीत. सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि ते दूर झाले. उतारवयातही काम थांबले नव्हते: 1922 मध्ये ‘राधामाधवविलासचंपू’, 1924 मध्ये उत्तर कोकणची हकिकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले संशोधन मराठीतच लिहिले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे राहिलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंदिर उभे राहिले.