सोयाबीन शेतातून थेट क्रीमच्या डबीत. ‘वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन’ म्हणजे नेमके काय?

किन्हीराजा (जि. वाशिम) : मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा परिसरात खरिपाचे मुख्य पीक म्हणजे सोयाबीन. बाजारात ओलावा, काडीकचरा आणि दाण्याची प्रत पाहून त्याचा भाव ठरतो. दाण्यातले ‘आयसोफ्लेव्होन’ कोणी मोजत नाही. मात्र, याच घटकाच्या नावावर चेहऱ्याची क्रीम, सीरम आणि केसांची उत्पादने विकली जातात. ‘सुरकुत्या जातील’ असा एक दावा, तर ‘हार्मोन्स बिघडतील’ अशी दुसरी भीती. दोन्हीत तथ्य किती?

हे घटक काय आहेत?
जेनिस्टीन आणि डेडझीन हे सोयाबीनमधील प्रमुख आयसोफ्लेव्होन. त्यांची रचना स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. म्हणून त्यांना ‘फायटोइस्ट्रोजेन’ म्हणतात. जवस, रेड क्लोव्हर आणि हॉप्स या वनस्पतींतही असे घटक आढळतात.

त्वचेवर काम कसे करतात?
त्वचेच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असे मानले जाते. त्वचा पातळ, कोरडी होते. फायटोइस्ट्रोजेन याच ग्राहकांना चिकटतात, पण त्यांचा जोर शरीरातील इस्ट्रोजेनपेक्षा बराच कमी असतो.

फायदा होतो का?
रजोनिवृत्त महिलांवरील काही लहान चाचण्यांत त्वचेची जाडी व ओलावा सुधारल्याचे दिसले. मात्र, सहभागी महिलांची संख्या कमी होती. केसगळतीबाबतचा पुरावा त्याहून तोकडा आहे.

धोका किती?
युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०२२ मध्ये यावर मत दिले. त्यानंतर २०२४ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत जेनिस्टीन ०.००७ टक्के, तर डेडझीन ०.०२ टक्के इतकी कमाल मर्यादा ठरवली. म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये अनुक्रमे ७ आणि २० मिलिग्रॅम. नव्या उत्पादनांना ही अट १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. अर्थात, हे घटक सरसकट घातक ठरवलेले नाहीत. प्रमाणाला लगाम घातला आहे.

लेबलवर काय पाहाल?
भारतात ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’नुसार वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. त्यात सोयाबीन ‘ग्लायसिन सोजा’ किंवा ‘ग्लायसिन मॅक्स’ या नावाने येते. पुढे ‘ऑइल’ असेल तर ते सोयाबीनचे तेल. आयसोफ्लेव्होन तेलात जवळपास उतरत नाहीत, ते पेंडीत राहतात. ‘एक्स्ट्रॅक्ट’, ‘आयसोफ्लेव्होन्स’ किंवा ‘जेनिस्टीन’ लिहिले असेल, तर हे घटक असण्याची शक्यता जास्त. एक टक्क्याहून कमी असलेले घटक यादीत कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे यादीवरून नेमके प्रमाण कळत नाही.

घरचे सोयाबीन पीठ लावले तर?
कच्च्या पिठातील बहुतांश आयसोफ्लेव्होन साखरेच्या रेणूला जोडलेले असतात आणि त्वचेत सहज शिरत नाहीत. त्यामुळे पिठाच्या लेपाकडून क्रीमसारख्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी तर तो टाळावाच.

कोणी काळजी घ्यावी?
स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू असलेल्या किंवा झालेल्या महिलांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी अशी उत्पादने घेणाऱ्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नवीन क्रीम प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन-तीन दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली, तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना डबी सोबत न्यावी. घटकांची यादी पाहून निदान सोपे होते.