वीस वॅटचा हिशेब

लेखमाला : ताप, माहिती आणि भान (लेखांक ५)

पुनावळ्यात राहून हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकाने मागच्या लेखांकावर प्रश्न पाठवला आहे. सर्व्हर रूमचं तापमान सांभाळणं हे त्यांचं काम. ते विचारतात : 'यंत्रांत जाणारी सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, हे मी रोज मीटरवर बघतो. मेंदूतही तसंच असेल, तर जाणिवेच्या वाट्याला काय उरतं?' प्रश्न इतका नेमका आहे की ठरवलेला विषय पुढे ढकलून हा आठवडा मी त्यालाच देतो आहे.

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाला छळत होता. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा नियम तोवर पक्का झाला होता. बर्गरचा तर्क सरळ होता. मेंदूत अन्नातली रासायनिक ऊर्जा येते. तिची काही उष्णता होते, काही वीज होते आणि उरलेली मानसिक ऊर्जा होत असली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी नीट मोजल्या की तिसरी वजाबाकीने मिळेल. त्यासाठी त्याने मेंदूचं तापमान मोजलं आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात निघणारा ईईजी तो हाच. वजाबाकी करून जे मिळवायचं होतं, ते मात्र त्याला कधीच सापडलं नाही.

सापडणार नव्हतंच, कारण वजाबाकी शून्य येते. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो आणि विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. म्हणजे साधारण २० वॅट, एका एलईडी ट्यूबलाइटएवढी. यातला मोठा भाग सोडियम-पोटॅशियम पंप चालवण्यात जातो. पेशीच्या पापुद्र्यातले हे पंप एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्चून सोडियमचे ३ आयन बाहेर ढकलतात आणि पोटॅशियमचे २ आत ओढतात. पुढच्या संदेशाची ही तयारी रात्रंदिवस चालू असते. अखेर सगळे २० वॅट उष्णता होतात आणि रक्ताबरोबर वाहून जातात. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ, सेमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना तोंडी गणितं घालून मेंदूचा ऑक्सिजन मोजला. एकूण वापर हलला नाही. परीक्षेला बसलेल्या मुलीचा मेंदू आणि खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा मेंदू जवळपास तेवढीच ऊब टाकतो. मला ही शास्त्रातली अतिशय आदरणीय निराशा वाटते. जाणीव ही ऊर्जेची वेगळी जात नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं.

मग ती काय आहे? इथे माहितीचा धागा येतो. १९६१ मध्ये आयबीएममधल्या रॉल्फ लँडॉवर या पदार्थवैज्ञानिकाने दाखवलं की माहिती हवेत तरंगत नाही, ती नेहमी कुठल्या तरी वस्तूच्या स्थितीत असते. म्हणून एक बिट पुसताना ठरावीक उष्णता बाहेर टाकावीच लागते. शरीराच्या तापमानाला ही किमान उष्णता किती, तर दशांशचिन्हानंतर वीस शून्यं देऊन मग ३, इतके ज्यूल. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ इथे दोन मायक्रॉनचा काचेचा मणी लेसरच्या सापळ्यात धरून हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. पुसणं जितकं सावकाश, तितका खर्च या मर्यादेच्या जवळ येतो. सरासरीने तिच्याखाली जात नाही. या नियमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू वेगळीच आहे : माहिती नुसती सांभाळून ठेवायला तो एक पैसाही मागत नाही. खर्च पडतो तो पुसायला.

आपला मेंदू या मर्यादेपासून फार लांब आहे. सायमन लाफलिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये माशीच्या डोळ्यावर काम करून हिशेब मांडला, की दोन चेतापेशींमधल्या एका जोडावरून एक बिट पाठवायला एटीपीचे सुमारे दहा हजार रेणू लागतात. लँडॉवरच्या मर्यादेच्या हे लाखो पट झालं. तरीही चिप्सच्या तुलनेत मेंदू काटकसरी. डेटा सेंटरमध्ये वापरली जाणारी एनव्हिडियाची एकेक एच-१०० चिप ७०० वॅटपर्यंत घेते, म्हणजे पस्तीस मेंदूंएवढं. पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात तर द्रव थेट प्रोसेसरपाशी नेऊन उष्णता काढण्याची सोय केली.

माहिती नुसती सांभाळणं आणि तिच्यावर काम चालवणं यांतला फरक माणसाच्या शरीरातही दिसतो, तोही शस्त्रक्रियेच्या टेबलावर. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचं शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण साधारण अर्धा तास थांबवतात. दर अंशामागे मेंदूचा ऊर्जावापर सुमारे ६-७ टक्क्यांनी घटत जातो. शेवटी ईईजी सपाट होतो. भान नाही, स्वप्न नाही, काहीही नाही. मग रक्त पुन्हा उबदार करतात आणि माणूस उठतो तो स्वतःचं नाव, आईचा चेहरा, गावाची वाट सगळं घेऊन. आठवणी पेशींच्या जोडणीत होत्या. त्या टिकायला तेवढ्या वेळात विद्युत हालचालीची गरज पडली नाही. जाणीव मात्र त्या सपाट काळात नव्हती. आठवण ही मेंदूची रचना आहे आणि जाणीव ही त्या रचनेत चालणारी क्रिया आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

उलट्या टोकालाही तेच. २० वॅट बाहेर नेणारं रक्तच तापलं की मेंदूला थंड करायला काही उरत नाही. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, की वैद्यक त्याला उष्माघात म्हणतं. भान जाणं ही त्या व्याख्येतलीच अट आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण याच उन्हाने गेले. आपल्या पट्ट्यात चाकणच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला मे महिन्यात हा धोका रोज असतो. सोबतचा कामगार अचानक असंबद्ध बोलू लागला, तर 'चक्कर आली असेल' म्हणून त्याला कोपऱ्यात बसवू नका. त्याच मिनिटाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

म्हणजे ऊर्जा हवी, तीही एका अरुंद पट्ट्यात. किती हवी याचा एक अंदाज २०१६ मध्ये स्टेंडर आणि सहकाऱ्यांनी दिला. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत त्यांना दिसलं, की मेंदूच्या बाह्यकाचा ऊर्जावापर नेहमीच्या ४२ टक्क्यांखाली गेला की भानाची लक्षणं आढळत नाहीत. प्रोपोफॉलची भूल दिल्यावरही वापर निम्म्याच्या आसपास उतरतो. इथवर ऐकून वाटेल, की वॅट मोजले की झालं. पण अपस्माराच्या मोठ्या झटक्यात मेंदूचा वापर वाढतो आणि शुद्ध मात्र हरपते. सकाळी पुनावळ्याच्या भुयारी मार्गात सगळी इंजिनं चालू असतात, इंधन जळत असतं आणि पोचत कुणीच नाही. झटक्यात कोट्यवधी पेशी एकाच तालात पेटतात तेव्हा तसंच होतं. दुसरं उदाहरण लहान मेंदूचं. मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज तिथेच आहेत. तरी जन्मतः लहान मेंदू नसलेली मोजकी माणसं वैद्यकाने पाहिली आहेत. त्यांचा तोल, चाल, उच्चार बिघडतो, जाणीव असते.

तेव्हा प्रश्न असा : ऊर्जा खर्चून मेंदूचे भाग एकमेकांना नवं काही सांगतात की नाही? हे मोजायची एक सुरेख रीत मिलानच्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने शोधली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोक्याबाहेर कॉइल धरून चुंबकीय ठोका द्यायचा, मेंदूत उठणारा पडसाद ईईजीने टिपायचा आणि तो पडसाद संगणकावर फाइल झिप करतात तसा आवळून बघायचा. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलखाली पडसाद एक तर जागीच विरतो किंवा सगळीकडे एकसारखा पसरतो. तो सहज आवळला जातो. जागेपणी तो भागाभागात वेगळं वळण घेत फिरतो आणि आवळता येत नाही. पडसाद किती गुंतागुंतीचा, हे एका आकड्यात मांडतात. स्वप्नं पडणाऱ्या झोपेतही तो आकडा वर राहतो. केटामाइन देऊन माणूस निपचित पडला, तरी त्याची स्वप्नमालिका चालू असते आणि आकडा तसाच वरच असतो. ०.३१ ही त्यांनी ठरवलेली सीमारेषा. बर्गरला जे थर्मामीटरने सापडलं नाही, त्याची खूण या गुंतागुंतीत सापडते, असं मला वाटतं.

हिंजवडीच्या वाचकांना म्हणून माझं उत्तर असं : तुमच्या खोलीतली उष्णता यंत्राला जाण असल्याचा पुरावा नाही, नसल्याचाही नाही. जुलिओ तोनोनी यांची एकात्मिक माहितीची मांडणी म्हणते, की आजच्या धाटणीचा संगणक कितीही हुशारीने बोलला तरी त्याची जोडणीच अशी आहे, की जाणीव जवळपास शून्य. इतर अनेकांना हे अमान्य आहे; २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी सही करून या मांडणीला छद्मविज्ञान म्हटलं. मला तो शब्द फार कठोर वाटतो. ज्या मांडणीच्या प्रेरणेतून वरची चाचणी निघाली, तिच्याशी वाद घालावा. तिला दारातून हाकलू नये.

कारण या चाचण्यांची खरी गरज अतिदक्षता विभागात आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा बायपासवर डोक्याला मार लागून आलेला मुलगा महिनाभर डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, हाकेला ओ देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात सूचनेला अजिबात प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांना 'मूठ वळतोय अशी कल्पना करा' यांसारख्या सूचना देऊन त्यांचे मेंदू तपासले. ६० जणांचे मेंदू सूचना पाळत होते. दर चौघांत एक. अशा रुग्णाशेजारी बसलेल्या नातेवाइकांना 'त्याला काही कळत नाही' असं चाचणीशिवाय कुणी ठामपणे सांगू नये. त्यांनी बोलत राहावं, आणि ईईजीवर अशी तपासणी कुठे होऊ शकते हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

(पुढील लेखांक : मॅक्सवेलचा राक्षस पेशीच्या आत काय करतो)