बालकांतील अपस्माराच्या झटक्यांची स्वयंचलित ओळख

मेंदूच्या विद्युत आलेखावरून (ईईजी) अपस्माराचा झटका सुरू झाल्याचे संगणकाने आपोआप ओळखणे, यास झटक्यांची स्वयंचलित ओळख म्हणतात. अपस्मारास बोलीभाषेत फेफरे, आकडी किंवा मिरगी असे म्हटले जाते.

गरज
प्रत्येक झटक्यात शरीर आखडतेच असे नाही. काही झटक्यांत मूल केवळ काही सेकंद एकटक पाहत राहते व वर्गात ते दुर्लक्ष समजले जाते. आलेखात मात्र सेकंदाला सुमारे ३ वेळा उमटणाऱ्या टोकदार लहरी दिसतात. अनेक तासांचा आलेख डोळ्यांनी तपासण्यास तज्ज्ञ लागतात. असे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने मुंबईतील एपिलेप्सी फाउंडेशन ही संस्था महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अपस्मार शिबिरे घेते.

कार्यपद्धती
डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांकडून आलेल्या संकेतांचे छोटे तुकडे करून संगणक त्यांची वारंवारता तपासतो. झटक्याचे रूप प्रत्येक मुलात वेगळे असल्याने काही प्रणालींना त्याच मुलाच्या जुन्या नोंदींवरून शिकवले जाते.

इतिहास
हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला. अली शोएब व जॉन गुट्टाग यांनी २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीने २४ रुग्णांच्या ९१६ तासांच्या नोंदींतील १७३ पैकी ९६ टक्के झटके ओळखले. त्यातील मध्यक विलंब ३ सेकंद होता.

मर्यादा
याच चाचणीत २४ तासांत मध्यक २ चुकीच्या सूचना मिळाल्या. पापण्यांची उघडझाप, चावणे व हालचाल यांमुळेही आलेख बिघडतो. संवेदनशीलता वाढवल्यास खोट्या सूचना वाढतात, तर कमी केल्यास खरा झटका निसटू शकतो. त्यामुळे अंतिम निदान डॉक्टरच करतात.