कोळसाखाण वारसाफेरी

कोळसाखाण वारसाफेरी म्हणजे बंद पडलेल्या किंवा चालू कोळसाखाणीच्या परिसरातून जाणकाराच्या सोबतीने गटाने केलेली अभ्यासफेरी होय. महाराष्ट्रातील दगडी कोळसा प्रामुख्याने चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांतील गोंडवन खडकांत सापडतो. बीडसारख्या बेसाल्टच्या प्रदेशात ‘खाण’ म्हटले की दगडाची खाणच डोळ्यांपुढे येते.

== भूमिगत खाणीचे अवशेष ==
भूमिगत खाणीत कोळशाचेच खांब राखून त्यांच्यामधून बोगदे काढले जातात. शेवटी बहुधा हे खांबही काढून घेतले जातात. तेव्हा छत खाली बसते आणि वरची जमीन खचू शकते. खाण बंद झाल्यावर पंप थांबतात, बोगद्यांत पाणी भरते, वायुवीजनही राहत नाही. त्यामुळे खाणीचा मुख्य भागच पाहण्यापलीकडे जातो. फेरीत उरतात ते मातीचे ढिगारे, दिव्यांची खोली, हजेरीघर व कामगारांच्या वसाहती. लोखंडी सांगाडे भंगारात गेले, तर तेवढेही उरत नाही.

== वरोरा ==
चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला होता. तो पुढे बल्लारपूरच्या दिशेने वाढवला गेला आणि आज दिल्ली–चेन्नई लोहमार्गाचा भाग आहे. या खाणीची सर्वांत ठळक खूण म्हणून हा मार्गच दाखवावा लागेल, जरी त्यावरून जाणाऱ्या प्रवाशांना त्याचा उगम क्वचितच ठाऊक असतो.

== खाण पर्यटन ==
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीने २०१६ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने नागपूर जिल्ह्यात खाण पर्यटन सुरू केले. त्यात सावनेर येथील उद्यान आणि गोंडेगावची खुली खाण यांचा समावेश होता. सावनेरच्या उद्यानात भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे.

वेल्समधील ब्लेनाव्हन येथील ‘बिग पिट’ ही खाण १९८० मध्ये बंद झाली व १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तेथे पर्यटकांना पाळण्यातून सुमारे ९० मीटर खाली नेले जाते. वायूचा स्फोट टाळण्यासाठी काडेपेटी, भ्रमणध्वनी व बॅटरीवरील घड्याळे वरच ठेवून घेतली जातात. वाट दाखविण्याचे काम माजी खाणकामगारांनी केले आहे. प्रतिकृतीत बोगद्याचा आकार कळतो. पाळी संपवून वर येणे म्हणजे काय, हे मात्र तेथे राबलेला माणूसच सांगू शकतो.