लोकल कुठवर आली?

सकाळचे आठ, डोंबिवलीचा प्लॅटफॉर्म आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘कुठवर आली?’ पूर्वी याचं उत्तर मान लांब करून कल्याणच्या दिशेने बघण्यात होतं. आता मान खाली, मोबाइलमध्ये! 2010च्या आसपास ‘एम-इंडिकेटर’ने टाइमटेबल खिशात आणलं. 2022मध्ये मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ अ‍ॅपवर लोकल लाइव्ह दिसू लागली. फंडा सोपा आहे. गाडीतलं जीपीएस यंत्र उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ओळखतं, मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतं आणि तुमच्या नकाशावर ठिपका सरकतो.

या ठिपक्याने मला गाडी सोडायला शिकवलं. मागची ठाकुर्लीपर्यंत आलीय हे दिसलं, की भरलेल्या दारात लटकायचा मोह आवरतो. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. तेव्हापासून आई रोज फोनवर विचारते, ‘आत उभी आहेस ना गं?’

ठिपका गाडी कुठे आहे ते सांगतो. आत पाय ठेवायला जागा आहे का, ते नाही. ते अजून आपल्यालाच बघावं लागतं. तेव्हा मंडळी, एक गाडी गेली तर जाऊ द्या. लेट मार्क परवडतो!