गाडीआधी चार्जिंगची जागा पाहा

लंडनच्या क्रॉयडनमध्ये इलेक्ट्रिक गाडी निवडताना पहिला प्रश्न रेंजचा नाही, तर गाडी रात्री कुठे उभी राहते, याचा आहे. घरगुती विजेवर ५ टक्के व्हॅट लागतो, तर सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के आकारला जात आला आहे; रात्रीची वीज काही योजनांत आणखी स्वस्त मिळते. म्हणून दारात जागा असेल, तर लहान बॅटरी पुरते. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी मात्र मोठी बॅटरी आणि जलद चार्जिंगची क्षमता पाहावी. चार्जरकडच्या खेपा वाचतात.

लांबच्या प्रवासाचे काय, असा आक्षेप येईल. ब्रायटनला जाऊन येणे सुमारे ९० मैल. थंडीतली घट धरूनही कागदोपत्री २०० मैल रेंजची गाडी ते सहज करते. क्वचितच्या लांब सफरींसाठी रोज जादा किंमत आणि वजन वाहण्यापेक्षा वाटेत थांबून चार्ज करणे शहाणपणाचे.