बिजागरी सैल, नेम ढळला

एन.सी.सी.मध्ये रायफल हाताळलेल्या मुलांना फोरसाइट, बॅकसाइट आणि झिरोइंग हे शब्द माहीत असतात. पुढचा खुंट व मागचे छिद्र एका रेषेत आणून नेम धरायचा, पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यांचा पुंजका मध्यापासून जितका बाजूला पडला असेल, तितका साइटचा स्क्रू फिरवून तो मध्यावर आणायचा. यालाच झिरोइंग म्हणतात.

काही रायफलींवर दुर्बीण असते आणि साध्या साइट बिजागरीवर आडव्या पाडून ठेवलेल्या असतात. दुर्बीण बिघडली की त्या उभ्या करायच्या. अशा साइटबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. काल मध्यावर आणलेला नेम आज साइट मिटवून पुन्हा उघडली की जागेवर राहत नाही. असे का होते?

समजा, दोन साइटमधले अंतर ४० सें.मी. आहे आणि मागची साइट बाजूला फक्त ०.१ मि.मी. सरकली, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी. समरूप त्रिकोणांचा हिशेब मांडला तर ५० मीटरवर गोळी १२.५ मि.मी. दूर जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मि.मी. असतो! (त्यांच्या साइट घडीच्या नसतात, हे ओघाने आलेच.)

हे ०.१ मि.मी. येते कोठून? बिजागरीची खीळ भोकात फिरायची तर भोक खिळीपेक्षा किंचित मोठे हवेच. बिजागरी १२ मि.मी. रुंद आणि साइट ३६ मि.मी. उंच असेल, तर खाली ०.०३ मि.मी. ढिलाई असली तरी वरच्या टोकाला ती तिप्पट होते. दाराच्या बिजागऱ्या एकमेकींपासून लांब का बसवतात, याचे उत्तरही यातच आहे.

पण ढिलाई कोणत्या दिशेची, हे फार महत्त्वाचे. ही साइट पुढे किंवा मागे २ अंशांनी कलली तर तिची उंची ०.०२ मि.मी.च्या आसपास कमी होते. तीच बाजूला २ अंशांनी कलली तर टोक सव्वा मि.मी. सरकते. पहिल्यात कोज्या आहे, दुसऱ्यात ज्या. लहान कोनांना कोज्या जवळजवळ बदलत नाही. त्रिकोणमितीच्या तासाला यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. म्हणून हातात घेतलेली साइट पुढेमागे हलवून ‘सैल आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. ती आडवी हलवून पाहावी.

दोष शोधताना लोक एक चूक हमखास करतात. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू फिरवतात. त्याऐवजी साइटला हात न लावता पाच गोळ्या झाडाव्यात, मग ती मिटवून उघडावी आणि पुन्हा पाच झाडाव्यात. दोन्ही पुंजके घट्ट पण वेगवेगळ्या जागी पडले, तर दोष बहुधा बिजागरीचा. पहिलाच पुंजका विस्कटलेला असेल, तर बैठकीचे स्क्रू, काडतुसे किंवा नेमबाजाचा हात तपासावा. बैठक आणि साइट यांच्या सांध्यावर रंगाची बारीक रेघ ओढली की सरकणे लगेच दिसते. साइट नळीवर नसून पुढच्या मुठीच्या आवरणावर बसवलेली असेल, तर हाताच्या दाबानेही नेम ढळतो.

कायम राहणारी चूक वजा करता येते. दर वेळी बदलणारी वजा करता येत नाही. म्हणून चांगल्या साइटमध्ये खाच व स्प्रिंग असते. ढिलाई तीत असतेच, पण स्प्रिंग पाते नेहमी एकाच बाजूला दाबून धरते.

हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर वापरलेली अवसरी बुद्रुकपासून जवळच आहे. मंचर, कळंब करीत नाशिक रस्त्याने नारायणगावला जावे आणि तेथून खोडदला. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील स्रोतावर नेम धरतात. दंतचक्रांच्या दातांमध्ये थोडी फट राहतेच. म्हणून प्रत्येक अक्षाला दोन मोटारी जोडल्या आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध ताण देऊन ती फट एका बाजूला मिटवून ठेवतात. आणि झिरोइंग? तेही होते. जागा नेमकी ठाऊक असलेल्या ठळक स्रोताकडे अँटेना वळवून चूक मोजली जाते.

वर्गात रायफलीची गरज नाही. जुनी, सैल बिजागरी बाकावर स्क्रूने पक्की करा. तिच्या उघडझाप होणाऱ्या पात्यावर लेझर पॉइंटर बांधा आणि पाते दर वेळी एकाच आधाराला टेकेल अशी व्यवस्था करा. पाच मीटरवरच्या भिंतीवर कागद लावा. (किरण कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये.) पाते दहा वेळा मिटवून उघडा आणि दर वेळी ठिपक्यावर खूण करा. मग पात्याला रबरबँड लावून ते एका बाजूला ताणून ठेवा आणि वेगळ्या रंगाने आणखी दहा खुणा करा. दोन्ही पुंजक्यांची रुंदी मुलांनाच मोजू द्या.